अपेक्षाभंगाचे खेळ

बी. ए. द्वितीय वर्ष

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात व्हिडिओ गेमवरचा लेख पाहून काही गुरुजनांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. कथा, कविता, प्रवासवर्णन, गेला बाजार एखादा वैचारिक लेख, हे सोडून या मुलीला हे काय भलतेच सुचले, असे त्यांना वाटेल. परंतु मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून सहज एक फेरी मारली, तर पाच-सहा डोकी एका मोबाईलवर वाकलेली दिसतील. एकाच्या हातात फोन आणि बाकीचे सल्लागार! हे चित्र फक्त मुलांच्या बाजूलाच दिसते असेही नाही. ज्या गोष्टीत आपल्या पिढीचा एवढा वेळ, एवढा जीव आणि घरच्यांचा थोडाफार पैसा जातो, ती गोष्ट समजून घेणे हेही शिक्षणच होय, असे मला वाटते.

मोबाईलवरचे खेळ चांगले की वाईट, हा वाद जुना आहे आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी तो राखून ठेवलेला बरा. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. काही खेळांची लोकांनी चातकासारखी वाट पाहिली. पण ते हाती आले तेव्हा पदरी निराशा पडली. असे का झाले?

विनोदाची मीमांसा शिकताना आपल्याला ‘अपेक्षाभंग’ हा शब्द भेटतो. वाक्य एका दिशेने निघते, शेवटी भलतीकडेच वळते आणि आपण हसतो. पण तोच अपेक्षाभंग आपला वेळ, पैसा आणि अभिमान पणाला लागलेला असताना होतो, तेव्हा हसू येत नाही. खेळांच्या दुनियेत असे प्रसंग वारंवार आले आहेत. त्यांची कारणे पाहू गेल्यास ती खेळाच्या आत कमी आणि खेळाच्या बाहेर जास्त सापडतात.

पाच आठवड्यांचा खेळ

या अपेक्षाभंगाची सर्वांत गाजलेली कथा अमेरिकेतली आहे. १९८२ साली स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘ई. टी.’ हा चित्रपट जगभर गाजला. परग्रहावरून आलेला एक जीव आणि एक लहान मुलगा यांच्या मैत्रीची ती गोष्ट. त्या काळी ‘अटारी’ ही टीव्हीला जोडून खेळायच्या खेळांची बलाढ्य कंपनी होती. चित्रपटाच्या लोकप्रियतेवर स्वार होऊन नाताळच्या बाजारात त्याच नावाचा खेळ आणायचा, असे तिने ठरवले. हक्क मिळेपर्यंत उन्हाळा सरत आला आणि हॉवर्ड स्कॉट वॉर्शा या तरुण प्रोग्रामरच्या हाती उरले अवघे पाच आठवडे. एरवी अशा खेळाला कित्येक महिने लागत.

खेळ वेळेवर आला. मुले मात्र बुचकळ्यात पडली. खेळातला ई. टी. पुन्हा पुन्हा खड्ड्यात पडे आणि त्याला वर काढता काढता खेळणाऱ्याच्या नाकी नऊ येत. सुरुवातीला चित्रपटाच्या नावावर खप झाला, पण कंपनीने छापून ठेवलेल्या लाखो कॅसेट तशाच पडून राहिल्या. १९८३ मध्ये तर अमेरिकेतला खेळांचा बाजारच कोसळला. त्याचे खापर एकट्या ई. टी.वर फोडणे बरोबर नाही. सुमार खेळांचा तेव्हा पूरच आला होता. तरीही बदनाम झाला तो हाच. कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला. पुढे कित्येक वर्षे लोक ही दंतकथाच समजत. शेवटी २६ एप्रिल २०१४ रोजी तेथे खोदकाम झाले आणि सुमारे १,३०० कॅसेट बाहेर निघाल्या. ते पाहायला स्वतः वॉर्शा हजर होते. आपल्या हातून घडलेली वस्तू कचऱ्यातून वर येताना पाहणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय आले असेल!

‘अति घाई, संकटात नेई’ ही रस्त्याकडेची पाटी आपण एस.टी.च्या खिडकीतून नेहमी वाचतो. ती इथेही लागू पडते. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घाई प्रोग्रामरला नव्हती, ती नाताळच्या गल्ल्याला होती. अपेक्षा निर्माण करणारा एक, ती पुरी करण्यासाठी राबणारा दुसरा आणि निराश होणारा तिसरा, हे या गोष्टीतले तिघे आपल्याला पुढेही भेटणार आहेत.

‘९९९९ इन १’

अमेरिका दूर राहिली. आपल्याकडेही अपेक्षाभंगाचा स्वस्त आणि मस्त नमुना घरोघरी होऊन गेला. १९९० नंतरच्या काळात जत्रेत आणि आठवडी बाजारात ‘टीव्ही गेम’ मिळू लागला. मूळ जपानी यंत्राची ती स्वस्त नक्कल असे. एक डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी किंवा काळी कॅसेट. कॅसेटवर रंगीत चित्र आणि मोठ्या आकड्यात छापलेले असे, ‘९९९९ इन १’, म्हणजे एका कॅसेटमध्ये नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ! माझ्या मामांकडे असा एक डबा होता आणि मी लहानपणी सुट्टीत तो खेळलेला आहे. यादी खाली सरकवत राहिले की ती संपता संपत नसे. परंतु दहा-वीस खेळांनंतर पुन्हा तोच मारिओ, तेच रणगाडे आणि तीच बदकांची शिकार सुरू होई. नाव तेवढे बदललेले, नाही तर खेळ तिसऱ्या पायरीपासून सुरू केलेला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

गंमत अशी की, त्या कॅसेटवर कोणी फारसे रागावले नाही. एक तर ती स्वस्त होती. शिवाय तो आकडा खरा नसणार, हे घेणाऱ्याला मनातून ठाऊकच होते. म्हणजे निराशा ही वस्तूच्या दर्जावर जेवढी अवलंबून असते, तेवढीच आपण तिच्यावर किती विश्वास टाकला होता यावरही असते. ज्यावर विश्वासच नव्हता, ते फसले तर मनाला लागत नाही.

‘आपला’ खेळ

आता आपल्या पिढीच्या आठवणीतला प्रसंग पाहू. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला. आमच्या घरात टचचा मोबाईल आला तो त्याच वर्षी, तोही वडिलांनी उसनवारी करून घेतला म्हणून. तो एक फोन आणि आम्ही भावंडे दोन. अभ्यासासाठी आलेल्या त्या फोनवर पबजीही आला, हे आता सांगायला हरकत नाही; गावोगावी हेच झाले. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, हत्यारे शोधतात, एकमेकांशी लढतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो, अशा प्रकारच्या खेळाला ‘बॅटल रॉयल’ म्हणतात. कुलूपबंद घरात बसलेल्या मुलांना त्या बेटावर मित्र भेटत होते. गल्लीतला कट्टा बंद होता, म्हणून तो मोबाईलमध्ये भरला, एवढेच.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली आणि त्यांत पबजी होता. दोनच दिवसांनी अभिनेता अक्षय कुमार यांनी ‘फौजी’ या भारतीय खेळाची घोषणा केली. ‘फिअरलेस अँड युनायटेड गार्ड्स’ या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचा तो खेळ. बंगळूरच्या ‘एनकोर गेम्स’ची ती निर्मिती, तिच्या संस्थापकांपैकी विशाल गोंदल यांनी पूर्वी मुंबईत ‘इंडियागेम्स’ ही कंपनी उभी केली होती. उत्पन्नाचा वीस टक्के भाग ‘भारत के वीर’ या निधीला देण्याचेही जाहीर झाले. जून महिन्यात गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले होते. तो घाव ताजा होता. पबजी गेल्याची हळहळ, देशाचा अभिमान आणि टाळेबंदीतला रिकामा वेळ या तिन्हींची भर पडली आणि हा पबजीचा पर्याय आहे, असे लोकांनीच ठरवून टाकले. लाखोंनी आगाऊ नोंदणी केली.

२६ जानेवारी २०२१ रोजी खेळ आला. त्यात गलवानची पार्श्वभूमी होती, जवान होता, समोर शत्रू होते. पण लढाई हाताने आणि काठ्या-दांड्यांनी होती. गलवानमध्ये प्रत्यक्षात बंदुका चालल्या नव्हत्या, हे लक्षात घेता ते कथेला धरूनच होते. परंतु शंभर जणांचे बेट नव्हते आणि मित्रांबरोबर खेळण्याची सोयही सुरुवातीला नव्हती. एकट्याने पुढे जायचे, तेच ते ठोसे मारायचे आणि शेकोटीपाशी बसून ताकद भरून घ्यायची. गुगलच्या दुकानात पाचपैकी साडेचारच्या आसपास असलेले त्याचे गुण काही दिवसांत तीनच्या आसपास घसरले. सांघिक सामन्याची सोय पुढे जून २०२१ मध्ये चाचणीसाठी आली. तोवर बरीच गर्दी पांगली होती आणि जुलै २०२१ मध्ये पबजीच नव्या भारतीय नावाने परत आला.

दोष कोणाचा? खेळ साधारण होता, हे खरे. पण लोकांनी त्याच्या डोक्यावर जे ओझे ठेवले, ते एखाद्या पहिल्याच प्रयत्नाला पेलणारे नव्हते. या बाबतीत मला थोडी सहानुभूती वाटते, त्याला कारण आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीला गावात लोक पहिल्या वर्षापासूनच ‘मॅडम’ म्हणू लागतात. मी काहीच कबूल केलेले नसते; तरी माझ्या नावाने आगाऊ नोंदणी झालेली असते! त्यामागे प्रेम असते, तसे ओझेही असते. मात्र एक फरक सांगितला पाहिजे. माझी जाहिरात मी केलेली नाही. ज्याने स्वतःच ढोल वाजवून गर्दी जमवली, त्याला ओझ्याची तक्रार करता येत नाही.

टेलचे पाणी

आता ज्या कारणाकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे, त्याकडे वळते. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या भागातून जातो. कालव्याच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याच्याकडे पाट भरून वाहतो. शेवटच्या टोकाला, म्हणजे ‘टेल’ला, ज्याचे शेत असते त्याला पाणी पोहोचेल तेव्हा खरे. कागदावर मात्र दोघेही लाभक्षेत्रातच! मोबाईलच्या खेळाचेही असेच आहे.

हे जरा उलगडून सांगते. पडद्यावर जे हलते चित्र दिसते, ते प्रत्यक्षात एकामागोमाग येणारी स्थिर चित्रे असतात, सिनेमासारखी. सिनेमातली चित्रे आधीच तयार असतात. खेळातले प्रत्येक चित्र फोनला त्या क्षणी नव्याने काढावे लागते, कारण खेळणारा कोठे वळेल ते आधी ठाऊक नसते. एका सेकंदात तीस चित्रे काढायची तर एका चित्राला सुमारे तेहतीस सहस्रांश सेकंद मिळतात. साठ काढायची तर सोळा-सतराच. महागडा फोन हे काम हसत हसत करतो. स्वस्त फोनची दमछाक होते, तो तापतो आणि तापला की स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. मग चित्रे अडखळतात. यालाच आपण ‘हँग झाला’ किंवा ‘लॅग मारतोय’ म्हणतो. त्यात नेटवर्कची भर. आपण बोट लावले, ही बातमी दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला जो वेळ लागतो, त्याला खेळाडू ‘पिंग’ म्हणतात. टॉवर अशक्त असला की हा वेळ वाढतो. आपण गोळी झाडतो तेव्हा समोरचा तेथून निघून गेलेला असतो. उलट आपणच मेल्याचे आपल्याला उशिरा कळते!

शिवाय जागेचा प्रश्न आहेच. दीड-दोन जीबीचा खेळ उतरवायचा तर दिवसाचा सगळा डेटा संपतो आणि घरातले फोटो, नोट्स, भजने यांतले काहीतरी पुसावे लागते. मागे एका गाजावाजा झालेल्या खेळासाठी माझ्या भावाने दोन दिवस थोडा थोडा डेटा वाचवला आणि रात्री छतावर फोन ठेवून तो खेळ उतरवला. जाहिरातीत दाट जंगल आणि चमकणारे पाणी होते. आमच्या फोनवर झाडे कागदी आणि पाणी निळ्या पत्र्यासारखे दिसले. दहा मिनिटांत फोन तव्यासारखा तापला. त्या खेळाचे नाव महत्त्वाचे नाही. जाहिरात ज्या फोनवर चित्रित झाली तो आणि आमचा फोन यांत तोंडाच्या आणि टेलच्या शेताइतके अंतर होते, हे महत्त्वाचे आहे.

ही केवळ गरिबांच्या फोनची रड आहे, असेही कोणी समजू नये. पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ने ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०१२ साली जाहीर केला. आठ वर्षे लोक वाट पाहत राहिले. तारखा अनेकदा पुढे गेल्या. १० डिसेंबर २०२० रोजी खेळ आला. समीक्षकांना आधी दिला गेला तो संगणकावरचा खेळ, आणि त्यांनी वाखाणणी केली. परंतु लाखो लोकांकडे होती ती २०१३ सालची जुनी प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यंत्रे. त्यांवर माणसे भिंतीत अडकू लागली, चित्रे पुसट दिसू लागली, खेळ मध्येच बंद पडू लागला. आठवडाभरात सोनी कंपनीने तो आपल्या ऑनलाईन दुकानातून काढून टाकला आणि लोकांचे पैसे परत केले. श्रीमंत देशांतही टेल असतो, एवढाच याचा अर्थ.

पुण्याचे दोन प्रयत्न

महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीचा ‘इंडस’ डोळ्यांपुढे येतो. २०२२ साली तो जाहीर झाला. सिंधू संस्कृती नष्ट न होता पुढे ताऱ्यांपर्यंत पोहोचली असती तर, अशा कल्पनेवर उभा केलेला हा बॅटल रॉयल. बेटाचे नाव ‘वीरलोक’. पात्रांची नावे ‘सर-ताज’, ‘मोर-नी’, ‘बिग गज’ अशी. कल्पना खरोखर सुंदर होती. एक कोटीहून अधिक लोकांनी आगाऊ नोंदणी केली. तो सर्वांसाठी खुला झाला १६ ऑक्टोबर २०२४ रोजी. प्रतिसाद संमिश्र आला. कल्पनेचे आणि रंगरूपाचे कौतुक झाले, तर हालचालीतला अडखळेपणा आणि कच्चे काम यांबद्दल तक्रारी झाल्या. ज्यांच्याशी त्याची तुलना झाली, त्या परदेशी खेळांनी वर्षानुवर्षे आपल्या चुका दुरुस्त केलेल्या होत्या. खेळणारा मात्र वय विचारत नाही; तो फक्त हातातले दोन खेळ शेजारी ठेवून पाहतो.

याउलट पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’. डोंबाऱ्याप्रमाणे कसरती करणारी एक मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या आपल्या लहान भावाला शोधायला निघते, ही त्याची कथा. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला. तरी छोट्या चमूने काम सोडले नाही आणि २०२० साली खेळ पूर्ण केला. तो लहान आहे, शेवट एकाएकी होतो, अशी टीका झालीच. पण लोकांनी तो जिव्हाळ्याने स्वीकारला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत नवोदितांच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. उणिवा दोन्हीकडे होत्या. परंतु राजीने जेवढे ताटात होते तेवढेच वाढतो म्हणून सांगितले होते.

फसलेला खेळ सावरतो का?

सावरतो, मात्र त्याला मेहनत लागते. इंग्लंडच्या ‘हॅलो गेम्स’ने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आणला. अब्जावधींच्याही पलीकडे मोजावे लागतील एवढे ग्रह त्यात होते. पण त्यांवर करण्यासारखे फार थोडे होते आणि सांगितलेल्या कित्येक गोष्टी नव्हत्याच. लोक खवळले. कंपनीने वाद न घालता तोंड मिटले आणि काम सुरू ठेवले. एकामागून एक सुधारणा फुकट दिल्या. २०१८ साली एकत्र खेळण्याची खरी सोयही आली. शिव्या देणारेच पुढे शाबासकी देऊ लागले. सायबरपंकही अशाच दुरुस्त्या करत २०२३ पर्यंत नावारूपाला आला. ई. टी.ला ही संधी नव्हती. कॅसेट एकदा विकली की तिच्यातली चूक तिच्यातच राही. आजचा खेळ दुरुस्त करता येतो, ही मोठी सोय आहे. पण त्यामुळेच ‘आधी विकू, मग नीट करू’ ही वृत्तीही बळावते, हे विसरून चालणार नाही.

मित्रहो, या सर्व विवेचनातून मला तीन प्रश्न सापडले आहेत. जे दाखवले जात आहे ते कोणत्या यंत्रावर दाखवले जात आहे? जे सांगितले जात आहे त्यातले आज हातात काय आहे आणि उद्यावर काय ढकलले आहे? आणि फसल्यावर सांगणारा तेथे थांबणार आहे की पुढच्या जाहिरातीला लागणार आहे? हे प्रश्न खेळाला विचारावेत आणि जमल्यास खेळाबाहेरच्या घोषणांनाही विचारावेत. ‘आपला’ म्हणून एखाद्या खेळाला एक संधी जास्त द्यायला माझी हरकत नाही. परंतु आपलेपणाच्या नावावर डोळे मिटून घेणे हे त्या बनवणाऱ्यांच्याही हिताचे नाही.

आणि खेळ तयार करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना माझी एक सूचना आहे. चकचकीत कचेरीत, नव्या कोऱ्या फोनवर खेळ उत्तम चालला म्हणजे तो तयार झाला, असे समजू नये. एकदा पाथरीच्या बसस्थानकावर यावे. काच तडकलेला, जागा भरलेला, दोन भावंडांत एक असा कोणाचाही फोन मागून घ्यावा आणि माजलगावची गाडी लागेपर्यंत त्यावर आपला खेळ खेळून पाहावा. तेथे चालला, तर तो कोठेही चालेल.